लीप सेकंद आणि मंदावणारी पृथ्वी : एका वाक्याची तपासणी

१ जानेवारी २०१७ रोजी पहाटे भारताच्या प्रमाण घड्याळात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाले आणि पुढच्या ठोक्याला साडेपाच वाजले नाहीत. मध्ये एक जादा सेकंद घातला गेला. त्या मिनिटात ६० ऐवजी ६१ सेकंद होते. देशाची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने जगातल्या इतर प्रयोगशाळांबरोबर त्याच क्षणी ही दुरुस्ती केली. १९७२ पासून घातलेला हा सत्तावीसावा लीप सेकंद होता. त्यानंतर २०२५ अखेरपर्यंत एकही घालावा लागलेला नाही.

अशा प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास येते : ‘पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग कमी होत असल्यामुळे घड्याळात एक सेकंद वाढवावा लागतो.’ सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते आहे, गाइडांत आहे, प्रश्नमंजूषेच्या उत्तरांत आहे. आम्हीही ते वर्गात बऱ्याचदा सांगितले आहे. पृथ्वीचा वेग कमी होतो हे खरे, लीप सेकंद घालतात हेही खरे. मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती मधल्या ‘मुळे’ या शब्दात.

ती आमच्या लक्षात आणून दिली नववीतल्या एका विद्यार्थिनीने. तिने वहीवर गणित मांडले. १९७२ ते २०१६ या साधारण ४५ वर्षांत २७ सेकंद वाढले, म्हणजे वर्षाला ०.६ सेकंद. दिवस ८६,४०० सेकंदांचा. ८६,४०० ला ०.६ ने भागले की १,४४,००० येतात. ‘म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार वर्षांपूर्वी दिवस शून्य सेकंदांचा होता का? आणि डायनोसॉर तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे!’

यावर ‘असे गणित करायचे नसते’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण मुलीचे गणित बरोबर होते. आपण दिलेल्या वाक्यावरून जे निघायला हवे तेच तिने काढले होते. चूक होती ती आपल्या वाक्यात. म्हणून त्या वाक्याचीच तपासणी आम्ही येथे करत आहोत.

मागे पडणारे घड्याळ

आधी पृथ्वी बाजूला ठेवू. घरातले भिंतीवरचे जुने घड्याळ रोज दोन सेकंद मागे पडते असे समजा. महिन्याने ते एक मिनिट मागे असते. आपण रेडिओच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून काटा पुढे करतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर्षात बारा वेळा काटा सरकवला, यावरून घड्याळ दिवसेंदिवस अधिक मंद होत चालले आहे असे कोणी म्हणेल का? नाही. ते पहिल्या दिवशी जेवढे मंद होते तेवढेच शेवटच्या दिवशीही आहे. तफावत साठत गेली, मंदपणा वाढला नाही.

लीप वर्षाचेही असेच आहे. दर चार वर्षांनी फेब्रुवारीत एक दिवस वाढवतो तो वर्ष लांबत चालले आहे म्हणून नव्हे, तर वर्ष ३६५ दिवसांपेक्षा सुमारे पाव दिवसाने मोठे आहे म्हणून. अधिक महिन्याचेही तेच. बारा चांद्रमास सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतात. हे दिवस साठत जातात आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो. चंद्राचा महिना आखडत चालला आहे म्हणून अधिक महिना घ्यावा लागतो असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही.

लीप सेकंद हा याच घरातला आहे. अणुघड्याळाचे ८६,४०० सेकंद आणि पृथ्वीचा सरासरी सौर दिवस यांत थोडी तफावत असते. तफावत रोज २ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचशेवा भाग असेल, तर पाचशे दिवसांत ती एक सेकंद होते. पृथ्वीच्या परिवलनावरून मोजलेली वेळ आणि घड्याळाची वेळ यांत ०.९ सेकंदापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही असा नियम आहे. म्हणून ते अंतर वाढू लागले की एक सेकंद घालतात. पृथ्वी त्या काळात अजिबात मंदावली नाही, दिवसाची लांबी अगदी कायम राहिली, तरीही लीप सेकंद येतच राहतील.

त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचे ते असे : २७ सेकंद ही साठलेल्या तफावतीची बेरीज आहे, दिवसाच्या लांबीतली वाढ नव्हे.

सेकंद आला कुठून?

आता पुढचा प्रश्न आपोआप येतो. मुळात तफावत का पडली? सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग, हीच तर त्याची जुनी व्याख्या होती. मग दिवस आणि ८६,४०० सेकंद यांत फरक पडायचे कारण काय? हा प्रश्न बहुतेक लेखांत विचारलाच जात नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

पृथ्वी हे घड्याळ म्हणून पुरेसे नियमित नाही हे १९३९ साली हॅरल्ड स्पेन्सर जोन्स या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने पुराव्यानिशी दाखवले. चंद्र, सूर्य, बुध आणि शुक्र हे सगळे गणितापेक्षा थोडे पुढे-मागे दिसत होते आणि ज्याची गती जास्त त्याच्यात हा फरक त्या प्रमाणात जास्त होता. सगळेच एकदम एकाच प्रमाणात चुकत असतील तर दोष त्यांचा नाही, आपल्या घड्याळाचा आहे.

म्हणून शास्त्रज्ञांनी सेकंदाची व्याख्या पृथ्वीच्या परिवलनावरून काढून तिच्या सूर्याभोवतीच्या परिभ्रमणावर बसवली. १९०० सालच्या सांपातिक वर्षाचा ३,१५,५६,९२५.९७४७ वा भाग म्हणजे एक सेकंद. हा आकडा आला सायमन न्यूकोम यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या सूर्याच्या गतीच्या कोष्टकांवरून. ती कोष्टके १७५० ते १८९२ या काळातल्या वेधांवर आधारलेली होती. त्यामुळे त्यांत जो सेकंद दडलेला होता तो त्या सगळ्या काळाच्या सरासरी दिवसाचा, म्हणजे साधारण १८२० सालच्या दिवसाचा ८६,४०० वा भाग होता.

१९५५ साली इंग्लंडमध्ये लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी वापरण्याजोगे पहिले सीझियम घड्याळ चालू केले. पुढची तीन वर्षे अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने चंद्राची छायाचित्रे घेऊन त्या घड्याळाची आकाशातल्या वेळेशी तुलना केली. नव्या व्याख्येच्या एका सेकंदात सीझियम अणूच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने होतात असे आढळले. १९६७ साली हाच आकडा सेकंदाची व्याख्या ठरला.

थोडक्यात, आपल्या अत्याधुनिक अणुघड्याळाच्या पोटात पेशवाई बुडाली त्या सुमाराचा दिवस बसलेला आहे. १८२० च्या दिवसाशी आजचा दिवस आपण ताडून पाहतो आणि उरलेला फरक लीप सेकंदाने भरून काढतो. मधल्या काळात दिवस मिलिसेकंदाच्या हिशेबात लांबला म्हणून फरक आहे. ‘पृथ्वी मंदावते’ या म्हणण्यातला खरा भाग एवढाच. १९६७ साली सेकंदाची व्याख्या त्या वेळच्या दिवसावरून केली असती, तर निघालेला सेकंद किंचित मोठा झाला असता आणि पुढच्या पन्नास वर्षांतले बहुतेक लीप सेकंद लागलेच नसते. पृथ्वी मात्र जशी फिरली तशीच फिरली असती.

नोंदी काय सांगतात?

लीप सेकंदांच्या तारखांची यादी वर्गात फळ्यावर लिहून पाहण्यासारखी आहे. ३० जून १९७२ ते ३१ डिसेंबर १९९८ या साडेसव्वीस वर्षांत २२ लीप सेकंद घातले गेले. त्यानंतर तब्बल सात वर्षे एकही नाही. मग २००५, २००८, २०१२, २०१५ आणि २०१६ असे पाच. पुढे शांतता.

‘पृथ्वी मंदावते म्हणून लीप सेकंद’ हे वाक्य जसेच्या तसे खरे असते, तर हे सेकंद काळाबरोबर अधिक दाट व्हायला हवे होते. ते विरळ होत गेले. १९७२ च्या सुमारास दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा जवळजवळ ३ मिलिसेकंदांनी मोठा होता. २०२० च्या सुमारास हा फरक शून्याजवळ आला. म्हणजे ज्या अर्धशतकात आपण सत्तावीस वेळा ‘पृथ्वी मंदावली’ असे म्हटले, त्याच अर्धशतकात पृथ्वीचा वेग एकंदरीत थोडा वाढला होता! हे वाक्य आमच्या दृष्टीने सदोष ठरते ते मुख्यतः येथे.

पृथ्वी मंदावते याचा पुरावा

मग पृथ्वी मंदावते हे खोटे का? मुळीच नाही. पण त्याचा पुरावा लीप सेकंदात शोधू नये. तो दुसरीकडे भरपूर आहे.

कारण आहे भरती-ओहोटी. चंद्राच्या ओढीने समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा पुष्कळ वेगाने फिरत असल्यामुळे हा फुगवटा चंद्राच्या रेषेच्या थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्याला मागे खेचतो आणि पृथ्वीच्या फिरण्याला ब्रेक लागतो. पृथ्वी जो कोनीय संवेग गमावते तो चंद्राला मिळतो आणि चंद्र दूर सरकतो. १९६९ पासून अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण सोडून मोजले असता चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो असे दिसते.

दुसरा पुरावा ग्रहणांचा. इसवी सनपूर्व १३६ मध्ये बॅबिलोनच्या ज्योतिषांनी खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि मातीच्या विटेवर नोंदवले. पृथ्वीचा वेग तेव्हापासून आजवर सारखाच होता असे धरून गणित केले, तर त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा बॅबिलोनच्या पश्चिमेला जवळजवळ ४९ अंशांवर पडतो. तेवढे फिरायला पृथ्वीला सव्वातीन तास लागतात. म्हणजे मधल्या काळात पृथ्वीचे घड्याळ एकूण सव्वातीन तासांनी मागे पडले.

हे गणित दहावीच्या मुलांना जमण्यासारखे आहे. जुन्या ग्रहणांच्या अभ्यासावरून दिवस शतकाला सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतो असे निघाले आहे. १८२० च्या १९.५ शतके आधी दिवस सुमारे ३५ मिलिसेकंदांनी लहान होता. सुरुवातीला फरक ३५, शेवटी शून्य, म्हणून सरासरी १७.५ घेऊ. या काळात सुमारे ७ लाख १४ हजार दिवस झाले. गुणाकार येतो सुमारे साडेबारा हजार सेकंद, म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास. प्रत्यक्षात सव्वातीन. दर सगळ्या शतकांत अगदी एकच नव्हता, हे लक्षात घेता मेळ चांगलाच आहे. दिवसाला मिलिसेकंद इतकी क्षुल्लक गोष्ट साठत जाऊन ग्रहण एका देशातून दुसऱ्या देशात कशी नेते, हे मुलांना यातून दिसते.

तिसरा पुरावा प्रवाळांचा. जॉन वेल्स यांनी १९६३ साली सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन काळातल्या प्रवाळांवरच्या बारीक वाढरेषा मोजल्या. रोज एक रेषा धरली तर वर्षाला सुमारे ४०० भरत होत्या. वर्ष तेवढेच, दिवस ४००, म्हणजे एक दिवस सुमारे २२ तासांचा. दोन तासांचा फरक ३८ लाख शतकांत वाटला तर शतकाला साधारण २ मिलिसेकंद येतात. ज्या विद्यार्थिनीच्या गणितात दिवस शून्यावर गेला होता, तिला हे गणित द्यावे. डायनोसॉरही सुखरूप राहतात.

उलट दिशेची चूक

गेल्या काही वर्षांत नवीन मथळे दिसू लागले आहेत : ‘पृथ्वीचा वेग वाढला’, ‘इतिहासातला सर्वांत लहान दिवस’. ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला हे खरे आहे. पण ‘इतिहासातला’ म्हणजे अणुघड्याळाने मोजायला लागल्यापासूनचा. प्रवाळांच्या काळात दिवस दोन तासांनी लहान होता! आणि ‘आतापर्यंत मंदावते म्हणत होते, आता वेगाने फिरते म्हणतात’ असा त्यावर शेरा मारणे ही जुन्याच चुकीची दुसरी बाजू आहे.

समुद्रावर ओहोटी चालू असतानाही एखादी लाट मागच्या लाटेपेक्षा वर येते. एका लाटेवरून ओहोटी संपली असे आपण म्हणत नाही. दिवसाच्या लांबीचेही तसेच. भरतीमुळे लागणारा ब्रेक एकटा असता तर दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबला असता. पण हिमयुगात बर्फाखाली दबलेली ध्रुवांकडची जमीन अजून हळूहळू वर येत आहे. गिरकी घेताना पसरलेले हात अंगाशी घेतले की वेग वाढतो, तसा यामुळे पृथ्वीचा वेग किंचित वाढतो आणि वाढ १.८ वर येते. त्यावर ऋतूंप्रमाणे बदलणारे वारे आपला हात फिरवतात. पृथ्वीच्या पोटातला द्रवरूप गाभा आणि वरचे प्रावरण यांच्यातही संवेगाची देवघेव चालते. तिच्यामुळे काही दशके दिवस लांबतो, काही दशके आखडतो. सध्याचा चढ मुख्यतः या देवघेवीचा मानला जातो.

२०२४ साली डंकन ॲग्न्यू यांनी ‘नेचर’मध्ये याचा हिशेब मांडला. हा कल टिकला तर २०२९ च्या सुमारास एक सेकंद वाढवण्याऐवजी वगळावा लागेल. तसे आजवर कधीच झालेले नाही. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचे बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरते व पृथ्वीला थोडे मंद करते. ते नसते तर ही वेळ तीन वर्षे आधीच आली असती.

लीप वर्षाचा नियम शतकानुशतकांसाठी आधी लिहून ठेवता येतो, लीप सेकंदाचा येत नाही, त्याचे कारणही हेच. तफावत स्वतःच लहरीप्रमाणे कमी-जास्त होते. म्हणून पृथ्वीच्या परिवलनावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय सेवा जेमतेम सहा महिने आधी सूचना देते.

लीप सेकंदच नको?

ही अनिश्चितता संगणकांना मानवत नाही. ६१ सेकंदांचे मिनिट अनेक प्रणालींना कळत नाही. २०१२ च्या लीप सेकंदाच्या वेळी बऱ्याच संगणक प्रणाली अडखळल्या. काही मोठ्या कंपन्या तो एक सेकंद दिवसभरात थोडा थोडा वाटून टाकतात, पण त्यामुळे त्यांची घड्याळे दिवसभर इतरांशी जुळत नाहीत. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले की २०३५ पर्यंत ०.९ सेकंदाची मर्यादा वाढवायची. म्हणजे निदान बराच काळ लीप सेकंद नाही.

काहींना यात सूर्याशी असलेले नाते तोडल्याचे दुःख वाटते. ते आम्हाला समजते, पण प्रमाण पाहिले पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबईचा सूर्य तिच्यापेक्षा सरासरी सुमारे ३९ मिनिटे मागे आहे, पुण्याचा सुमारे ३५, नागपूरचा सुमारे १४. याच ३९ मिनिटांसाठी मुंबईकरांनी भांडण केले होते. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. आज कोणाला त्याची आठवणही नाही. ज्या घड्याळाने आपल्याला सूर्यापासून अर्ध्या तासाहून अधिक दूर ठेवले आहे, त्यात शतकभरात एखाद्या मिनिटाची भर पडेल. सोय पाहता निर्णय समंजस आहे असे आमचे मत आहे.

मात्र एक गोष्ट सांभाळावी लागेल. लीप सेकंद बंद झाला म्हणजे पृथ्वी मंदावायची थांबली, असे वाक्य उद्या कोणीतरी छापेल. मर्यादा बदलणे हा माणसांचा करार आहे. पृथ्वी कशी फिरते हा निसर्गाचा भाग आहे. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की पुन्हा तोच घोटाळा होतो.

मग वर्गात काय सांगावे?

एका वाक्याऐवजी तीन सांगावीत. एक : आपला सेकंद १८२० च्या सुमाराच्या दिवसावरून ठरला आहे. दोन : आजचा दिवस त्याहून काही मिलिसेकंदांनी वेगळा असतो. ही तफावत साठून एक सेकंद झाली की लीप सेकंद घालत आलो. तीन : पृथ्वी शतकानुशतके मंदावते आहे, पण दशकांच्या हिशेबात तिचा वेग चढतो-उतरतो. मंदावण्यामुळे दूरच्या भविष्यात तफावत अधिक भराभर साठेल. पण तफावत साठणे आणि मंदावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बेरीज आणि बदलाचा दर यांतला हा फरक केवळ लीप सेकंदापुरता नाही. महागाईचा दर कमी झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असे समजणारा आणि लोकसंख्यावाढीचा दर घटला म्हणजे लोकसंख्या घटली असे म्हणणारा माणूस हीच चूक करत असतो. मागे पडणाऱ्या घड्याळाचे उदाहरण ज्याला नीट कळले, त्याला ती बातमीही नीट वाचता येईल.

त्या नववीच्या मुलीला आम्ही अखेर एवढेच सांगितले की तुझे उत्तर अशक्य आले, म्हणून तू वाक्यावर शंका घेतलीस, हे फार चांगले केलेस. पाठ्यपुस्तकातल्या अशा आणखी काही वाक्यांना मुलांनी गुणाकार-भागाकाराची कसोटी लावून पाहावी. एखादे नापास झाले तर आम्हाला जरूर कळवावे.